नाय समजलं, परत सांग

गेटाच्या आत पाऊल टाकण्याआधी ती डाव्या हातातल्या बांगडीला गुंडाळलेला पांढरा दोरा सोडायची, हात डोक्याच्या वर न्यायची आणि दोरा मोकळा धरायची. वीतभर दोरा, गोण्या शिवायच्या मशीनवरचा. तो थरथरायचा, आडवा व्हायचा, कुठल्यातरी दिशेला बोट दाखवल्यासारखा ताणला जायचा. मग ती वॉचमनला, मागच्या रांगेला आणि माझ्या अंदाजाने अर्ध्या खालापूर तालुक्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "आज घाटावरचा हाय." नाहीतर, "आज खाडीकडचा हाय." दोरा पुन्हा बांगडीला, आणि मगच आत.

मागे शंभरेक माणसं खोळंबलेली असायची. घाई करा म्हणायची एकाचीही छाती नव्हती. एकदा एक नवा इंजिनियर म्हणाला, "काकी, वारा मोबाइलवर दिसतो की." ती वळून म्हणाली, "तुझ्या मोबाइलला नाक हाय का रं?" तो इंजिनियर पुढे तीन वर्षं आमच्याकडे होता. हवामानावर पुन्हा अवाक्षर बोलला नाही. उकडतंय हेसुद्धा तो लेखी कळवायचा.

तिचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर म्हणेल, "बाला, मला इचारलं व्हतंस?" सगळ्या कारखान्याची ती काकी, आपलीही काकीच असू द्या. पॅकिंग खात्यात हिला धरून बारा बायका, त्यांची ही पुढारी. पांढरी पावडर गोण्यांत भरायची, गोणीचं तोंड शिवायचं, थप्पी लावायची. ती पावडर पुढे कशात पडते ते मला आजही धड सांगता येणार नाही, आणि मी तिथला ट्रेनिंग ऑफिसर होतो. मागच्या अंगाला वायूच्या टाक्या होत्या. त्या टाक्यांपाशी आमच्याकडे कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नसे.

काकी चौक गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातून मिनीडोअर रिक्षाने यायची. घरची भातशेती. आठव्या वर्षापासून खळ्यावर भात उपणलेलं. सूप वर न्यायच्या आधी वारा कुठून आहे ते बघायचं, नाहीतर कोंडा सगळा आपल्याच डोळ्यांत, हे तिच्या अंगात इतकं भिनलं होतं की लग्नाच्या मांडवात अक्षता टाकतानाही ती आधी वारा बघायची, असं तिची नणंद सांगायची. मी नणंदेपेक्षा थोडं कमीच वाढवून सांगतोय.

मी तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, कर्जतचा. खूश असली की मी "बाला", म्हणजे बाळ, आणि बिनसलं की "साहेब". त्या "साहेब"मध्ये एक झणका असायचा. बाहेरच्या माणसाला वाटायचं, बाई केवढा मान देते.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. मुंबईच्या हेड ऑफिसकडून हुकूम आला की सुरक्षेचं ट्रेनिंग यापुढे ऑनलाइन. फळा नको, खडू नको, कामगाराने कॉम्प्युटरपुढे बसावं, पानं वाचावीत, प्रश्न सोडवावेत, संपलं. सोबत इंग्रजीतलं एक जाडजूड पुस्तक आलं. मी काय केलं? ते कॉम्प्युटरकडून मराठीत करून घेतलं आणि उचलून पानांवर चिकटवलं. एकशे अठरा पानं झाली. एकेका पानावर अशी दाटी, की मुंगीला वरच्या ओळीतून खालच्या ओळीत जायचं तर तिने आधी रजा टाकली असती. आणि भाषा तर अशी: "सदर परिस्थिती उद्भवल्यास संबंधित कर्मचाऱ्याने वातदर्शक पिशवीच्या दिशेचे अवलोकन करून तदनंतर विहित एकत्रीकरण स्थळाकडे मार्गस्थ होणे अभिप्रेत आहे." म्हणजे, वास आला तर छपरावरची ती कापडी पिशवी बघ, वारा कुठून आहे ते ओळख आणि तसा पळ. हे वाक्य संपेपर्यंत वायू पनवेलला पोचला असता.

मला मात्र त्या एकशे अठरा पानांचा अभिमान होता. इतका, की त्यांचा एक छापील गठ्ठा बांधून मी घरी नेला. आईने त्यावर पोळपाट ठेवला.

कामगारांनी त्या पानांवर जो तोडगा काढला तो तुमच्या ऑफिसातही निघाला असणार, तेव्हा हसू नका. पानाच्या खाली "पुढे" नावाचं बटण होतं. लोक येत, बसत, पुढे, पुढे, पुढे. आमच्या एका फिटरने तर एंटरच्या बटणावर लोखंडी पाना टेकवला आणि खुर्चीत मान टाकली. जागा झाला तेव्हा तो सुरक्षातज्ज्ञ झालेला होता. शेवटी वीस प्रश्न होते, चार चार पर्यायांचे. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बरोबर उत्तरांची अक्षरं काढली आणि पाढ्यासारखी सगळीकडे गेली. ब, अ, ड, ब, क. जेवायच्या सुट्टीत माणसं डब्याच्या झाकणावर ठेका धरून ती घोकायची. शंभर टक्के मार्क. माझ्या भिंतीवरचा निकालाचा तक्ता पोपटासारखा हिरवा व्हायला लागला.

आणि एके दिवशी काकी आली.

चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली, पडद्यावर बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. सातवी पास बाई, वाचता उत्तम यायचं, पण बोट उचलल्याशिवाय पुढचा शब्द नाही. तासाभरात दोन पानं झाली. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी सातव्या पानावर थांबली. प्रत्येक पानाच्या शेवटी "पुढे"चं बटण ज्या चौकटीत होतं, तिच्यावर लिहिलं होतं: "मी वरील सर्व माहिती वाचली असून मला ती पूर्णपणे समजली आहे." ती दाबल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे.

"नाय समजलं," ती म्हणाली.

"काकी, दाबा नुसतं. सगळे दाबतात."

"समजलं नाय तं समजलं कसं दाबू?"

"मशीनला काय कळतंय?"

"मला कळतंय ना, साहेब."

साहेब झालो म्हटल्यावर मी आपला भिंतीवरचा तक्ता बघायला लागलो.

असे तीन आठवडे गेले. रोज शिफ्ट संपली की यायची, सातवं पान उघडायची, ओठ हलवत वाचायची, मान हलवायची, उठायची. एकशे एक्केचाळीस माणसांपैकी एकशे चाळीस हिरवी आणि एक लाल. तेवढ्यात हेड ऑफिसचा दुसरा हुकूम आला: पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ज्याचं ट्रेनिंग अपुरं, त्याचा पास गेटावरच्या मशीनला चालणार नाही. काकीची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. नवरा गेल्यापासून ती बारा बायकांतच राहायची म्हणा ना, घरी फक्त झोपायला जायची. आमच्या साहेबांनी, म्हणजे एच.आर.च्या, खऱ्याखुऱ्या साहेबांनी, तिला बोलावून समजावलं, मग दटावलं. ती "बरं" म्हणून आली आणि पुन्हा सातव्या पानापाशी थांबली.

आता एक कबुली. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी तिच्या नावाने लॉगिन केलं. म्हटलं, मीच दाबून टाकतो, एका बोटाचं काम, बाईची नोकरी वाचेल, माझा तक्ता हिरवा होईल. माउसवर हात ठेवला आणि पडद्याच्या कडेला चिकटवलेली एक चिठ्ठी दिसली. गोणीवरच्या लेबलाचा कपटा, त्यावर ठळक, गोल अक्षरात: "मी इथवर आले. पुढचं मला वाचायचं आहे." मी लॉगआउट केलं. त्या दिवशी डबा गोड लागला नाही, आणि डब्यात शिरा होता.

महिना संपायला चार दिवस असताना मॉक ड्रिल ठरली, म्हणजे लुटुपुटीची गळती. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. टाक्यांपाशी धुराचे डबे पेटवले, भोंगा वाजला आणि माझे विद्यार्थी सुटले. काय ती शिस्त. एकही माणूस गोंधळला नाही, एकानेही वर बघितलं नाही. सगळे सरळ एकत्र जमायच्या दोन नंबरच्या जागेकडे, सायकल स्टँडमागे. कारण बाराव्या प्रश्नाचं उत्तर "ब" होतं, आणि "ब" म्हणजे "ठिकाण क्रमांक दोन".

आता तो प्रश्न मी लिहिला होता तो एप्रिलच्या दुपारी. तेव्हा वारा खाडीकडून. प्रश्नातही तसंच म्हटलं होतं, "वारा पश्चिमेकडून असल्यास". पण प्रश्न वाचला कुणी होता? आणि थंडीतल्या सकाळी आमच्याकडे वारा उतरतो घाटावरून. टाक्यांवरचा सगळा धूर, जणू त्यालाही ट्रेनिंग दिलं होतं, थेट दोन नंबरच्या ठिकाणी आला. साहेब, मी, फिटर, सगळे त्या धुरात रांगेत उभे. कुणी खोकतंय, कुणी डोळे चोळतंय, पण जागा कुणी सोडेना. उत्तर बरोबर होतं ना. फिटर तर धुरातून म्हणाला, "सर, एवढा वास येतोय म्हणजे आपण बरोबर जागी आलोय."

मोजणी झाली. बारा कमी. पॅकिंगच्या बायका.

साहेबांचा चेहरा त्या धुरापेक्षा पांढरा झाला. आम्ही धावलो. पॅकिंगची शेड रिकामी. गोदाम रिकामं. आणि पार पलीकडे, बॉयलरच्या बाजूला, एक नंबरच्या जागेत, स्वच्छ उन्हात बारा जणी ओळीने उभ्या. काकीचा हात वर, हातात दोरा. आम्हाला लाल डोळ्यांनी, नाकं पुसत येताना बघून तिने विचारलं, "आमी बारा जनी जित्या हाव. तुमी किती मेलात?"

मी मनात हिशेब केला. एकशे एकोणतीस. सगळे शंभर टक्के मार्कांचे.

तुम्हाला वाटेल, झालं, बाई जिंकली. कारखान्यात असं होत नाही. साहेब धुरात उभे राहिले होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, ड्रिल वेगळी, नियम वेगळा. एक तारखेला काकीने दोरा धरला, वारा सांगितला, पास लावला आणि मशीनने लाल दिवा दाखवला. तिने पुन्हा लावला. पुन्हा लाल. मागची रांग इतकी शांत झाली की पाताळगंगेचं पाणी ऐकू यावं, आणि नदी तिथून चांगली लांब आहे. ती बाजूला झाली, बायकांना म्हणाली, "जावा गं तुमी. थप्पी नीट लावा," आणि गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर जाऊन बसली. डबा मांडीवर.

मी तिच्यामागे गेलो. आणि मग मी ते विचारलं, जे तीन आठवड्यांत मी विचारलं नव्हतं, साहेबांनी विचारलं नव्हतं, एकशे चाळीस माणसांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

"काकी, काय समजलं नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मिनीडोअर तीन आठवडे उशिरा का होईना, आली एकदाची. "आन तुझा तो डबा," ती म्हणाली. मी लॅपटॉप आणला. तिने सातव्या पानावर, वरून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं. "आपत्कालीन जिन्यावर बर्फ साचल्यास तो फावड्याने तत्काळ दूर करावा व जिन्यावर मीठ पसरावे."

"खालापुरात बर्फ कुठला रं?" ती म्हणाली. "मी रोज वाचतंय. म्हनलं, आपल्यालाच कायतरी कळत नसंल. साहेब लोकांनी लिवलंय, म्हंजे असंल. रोज जिन्याकडं जाऊन बघतंय. फावडं कुठं ठेवलंय तेबी शोधलं. मीठ कँटीनमधून घ्यायचं का, तेबी लिवलं नाय."

ते पुस्तक कुठल्यातरी थंड देशात लिहिलं गेलं होतं.

"बाला," ती म्हणाली, आणि तो "बाला" ऐकून मला "साहेब"पेक्षा जास्त लागलं, "तू वाचलंस का रं हे सगलं?"

मी नव्हतं वाचलं. चिकटवलं होतं. एकशे चाळीस माणसांनी सही केली होती की बर्फाचं त्यांना पूर्ण समजलं आहे, आणि त्यांतली पहिली सही माझी होती.

पुढचे आठ दिवस आमचं ऑफिस त्या टपरीत होतं. काकी रोज शिफ्टच्या वेळेला यायची, दोरा धरायची, लाल दिवा बघून यायची. रोज पास लावून बघायची, न चुकता. मग बाकड्यावर बसायची आणि मी एकेक पान वाचायचो. ती एकच प्रश्न विचारायची: "हे आपल्या गेटाच्या आत व्हतं का?" नाही म्हटलं की, "काढ." पहिल्या दिवशी चौपन्न पानं गेली. बर्फ गेला, बोटीवरच्या आगीचं प्रकरण गेलं, वाळवंटातल्या वादळाचं गेलं. उरलं त्यातलं वाचून झालं की विचारायची, "बरं, मंग मी करायचं काय?" ते एका वाक्यात सांगता आलं नाही की मला पुन्हा लिहायला लावायची. टपरीवाला चहा ओततानाच ऐकायचा, आणि त्याला कळलं तरच वाक्य पास, असा तिने नियम केला. त्या माणसाइतका कडक परीक्षक विद्यापीठात नसेल. एका वाक्याला त्याने मला पाच चहा पाजले.

मग आम्ही वाक्यंही कमी केली. मी आत जाऊन मोबाइलवर आमचंच आवार टिपलं: आमचा सायकल स्टँड, आमचा बॉयलर, छपरावरची आमची पिशवी. अकरा बायकांनी त्यात चालून, पळून दाखवलं. एकीने बेशुद्ध पडायचं काम इतकं मनापासून केलं की डॉक्टर आले. आवाज काकीचा. टपरीबाहेर ट्रकचे भोंगे थांबेनात, म्हणून मागच्या खोलीत गोधडी डोक्यावरून घेऊन ती बोलायची आणि मी गोधडीत हात घालून मोबाइल धरायचो. मी म्हटलं, "काकी, जरा शुद्ध बोलूया, हेड ऑफिस ऐकणार आहे." गोधडीतून आवाज आला, "टाकी फुटल्यावर कोन शुद्ध बोलतं?"

धडा असा झाला: पडद्यावर आपलं आवार दिसतं. भोंगा होतो. पिशवी हलते, आणि दर वेळी वेगळ्या दिशेला हलते, त्यामुळे ब, अ, ड घोकून उपयोग नाही. तुम्ही बोटाने सांगायचं, कुठे जाऊ. चुकलात की धूर अंगावर येतो आणि काकीचा आवाज म्हणतो, "मेलास ना? चल परत. आदी वारा बघ." मार्क जात नाहीत, पुन्हा उभं राहायचं. आणि शेवटी ती चौकट. तिच्यावर काकी अडून बसली. म्हणाली, "एकच बटन ठेवलं तं मानूस तेच दाबनार. दुसरं दे." म्हणून दोन बटणं झाली. एकावर "समजलं". दुसऱ्यावर "नाय समजलं, परत सांग". ते दाबलं की ती म्हणते, "असू दे बाला, परत सांगते," आणि सगळं सावकाश पुन्हा सांगते. पॅकिंगच्या बायका भांडायला आल्या की आम्ही काय बाला आहोत का, म्हणून "असू दे बाय" असं वेगळं भरून घेतलं.

धडा तयार झाला, पण हेड ऑफिसने मानला पाहिजे, आणि तिथे शब्द टाकायचा तर तो साहेबांनी. सातव्या दिवशी ते स्वतःच गेटाबाहेर आले. चहा प्यायला, असं म्हणाले. साहेबांनी त्या टपरीवर त्यापूर्वी कधी चहा घेतला नव्हता. उभ्या उभ्या लॅपटॉपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाखवा."

भोंगा झाला. साहेब तडक दोन नंबरकडे गेले. धूर. "मेलास ना? चल परत. आदी वारा बघ."

टपरीवाल्याने चहाचं भांडं खाली ठेवलं. काकी बशीत चहा ओतत म्हणाली, "मी नाय बोललं, साहेब. ते मशीन बोललं."

साहेब पुन्हा मेले. तिसऱ्यांदा त्यांनी बोट पडद्यावर नेलं, थांबवलं, आणि वर छपराकडे पाहिलं. पडद्यावरच्या नव्हे, कारखान्याच्या खऱ्या छपराकडे. पिशवी पनवेलच्या बाजूला फुगली होती. मग त्यांनी पडद्यावरची पाहिली, बोट टेकवलं, आणि या वेळी जगले.

"मला तिसऱ्यांदा समजलं," ते म्हणाले. खिशातून फोन काढला आणि तिथेच, टपरीच्या बाकड्यावर काकीशेजारी बसून, हेड ऑफिसला लावला. अर्धा तास बोलत होते. त्यात "बर्फ" हा शब्द चार वेळा आला.

नवव्या दिवशी गेटाच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर लावला. आत रांग, बाहेर रांग, सगळे बघतायत. काकीने चष्मा लावला. वारा बघितला, बरोबर गेली, एकदाही मेली नाही. शेवटची दोन बटणं आली. आणि तिने बोट उचलून ठेवलं ते थेट "नाय समजलं"वर. माझं काळीज खोपोलीपर्यंत जाऊन आलं. "काकी..."

"गप रं. चालतंय का ते बघतंय," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला म्हणाला, "असू दे बाय, परत सांगते." तिने सगळं पुन्हा ऐकलं, पहिल्यापासून, मान डोलवत, जणू दुसरं कुणीतरी सांगतंय. मग दुसरं बटण दाबलं. समजलं.

गेटाचा दिवा हिरवा झाला. अकरा जणी आत उभ्या होत्या. सगळ्यांना वाटलं आता ती धावत जाईल. ती थांबली, बांगडीचा दोरा सोडला, हात वर नेला. मागची सगळी रांग थांबली. "घाटावरचा हाय," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर कॉम्प्युटरच्या खोलीत गर्दी व्हायला लागली. लोक मरायला यायचे. फिटर एका दुपारी नऊ वेळा मेला आणि दहाव्यांदा बसू द्या म्हणून माझ्याशी भांडला. पुढच्या ड्रिलला भोंगा वाजला तेव्हा एकशे एक्केचाळीस माना एकदम वर झाल्या. मी नोकरीत पुष्कळ काही पाहिलंय, त्यातलं निम्मं मी रचलेलं आहे. पण त्या माना खऱ्या.

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. स्वतःच्या पायांनी, हिरव्या दिव्याखालून बाहेर पडली. आता नेरळला लेकीकडे असते, नव्या वसाहतीत, चौथ्या मजल्यावर. मागे गेलो होतो. गॅलरीच्या गजाला पांढरा दोरा बांधलेला. म्हणाली, "सगल्या बिल्डिंगीला सांगतंय, कपडे कुठल्या बाजूला वालत घालायचे. ऐकतात, बाला." नातवंडं आत मोबाइलवर तोच धडा लावून एकमेकांना मारत होती.

गेटावर आता कुणी थांबत नाही. वारा मोठ्याने सांगणारं कुणी नाही, आणि सकाळची रांग फार लवकर संपते.

आमच्यासारखाच धडा आता हेड ऑफिसने बाकीच्या कारखान्यांतही, तिथलं तिथलं आवार टिपून, लावलाय; परवा त्यांचं पत्र आलं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या लक्षात आलंय की सगळ्या कारखान्यांत मिळून "नाय समजलं, परत सांग" हे बटण सगळ्यात जास्त दाबलं जातं ते आमच्याकडे. त्यातही जुन्या माणसांकडून, ज्यांना धडा पाठ आहे. फिटर तर रोज दाबतो. साहेबांचंही नाव आहे यादीत. विचारलंय, धडा फार अवघड झालाय का? सोपा करावा का?

मी उत्तर लिहिलं की धडा बरोबर आहे, कृपया हात लावू नये, आमची माणसं जरा सावकाश शिकतात. पत्र पाठवलं. मग दार लोटून घेतलं, धडा उघडला, वारा बघितला, बरोबर जागी पोचलो, आणि दुसरं बटण दाबलं.

"असू दे बाला," ती म्हणाली, "परत सांगते."